बेचाळीस स्लाइड्स झाल्या, एमडी विचारतात, ‘मग करायचं काय?’

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे चाकणजवळच्या सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात डिस्पॅच आणि लॉजिस्टिक्स सांभाळतात. वाढलेल्या वाहतूक खर्चावर त्यांनी तीन महिने काम केलं आणि ४२ स्लाइड्सचं डेक, म्हणजे प्रेझेंटेशन, बनवलं. एमडींनी सातव्या स्लाइडवर थांबवून विचारलं, ‘मग करायचं काय?’ तिथून चर्चा डिझेलच्या भावावर गेली आणि वेळ संपला. दहा दिवसांनी पुन्हा अर्धा तास मिळालाय. त्यांना हवंय ते मोठ्या कन्सल्टिंग कंपन्यांसारखं टेम्प्लेट.

टेम्प्लेट शोधण्यात वेळ घालवू नका. एमडींची अडचण रंगांची किंवा फॉन्टची नव्हतीच. तुम्ही लिहिलंय त्यावरून स्लाइड्सचा क्रम साधारण असा दिसतो: प्रकल्पाचा उद्देश, माहिती कुठून घेतली, मार्गानुसार खर्च, ट्रान्सपोर्टरनुसार खर्च, महिन्यानुसार खर्च, डिझेलचे भाव, आणि अगदी शेवटी शिफारशी. काम ज्या क्रमाने झालं त्याच क्रमाने ते सांगितलं गेलं. ऐकणाऱ्याला त्या क्रमाशी देणंघेणं नसतं. तो मनात विचारत असतो की काय करायचं म्हणताय, किती वाचतील, किती घालावे लागतील, आणि फसलं तर काय. सातव्या स्लाइडपर्यंत यातल्या एकाचंही उत्तर मिळालं नाही, म्हणून खोलीतल्या लोकांनी स्वतःच विषय शोधला. डिझेलवर प्रत्येकाचं मत असतंच.

तेव्हा खरा प्रश्न असा आहे: तीन महिन्यांचं काम निर्णयाच्या क्रमाने कसं लावायचं? कन्सल्टिंगची शैली म्हणतात ती मुळात एवढीच. बाकीचा भाग कारागिरीचा.

आधी तीन गोष्टी तुमच्या तुम्हीच ठरवायला हव्यात, कारण पुढचं बरंचसं त्यांवर अवलंबून आहे.

पहिली, डेक वाचलं जाणार आहे की दाखवलं जाणार आहे? कन्सल्टंटच्या स्लाइड्स मजकुराने भरलेल्या दिसतात, कारण त्या मीटिंगनंतर हातोहात फिरतात आणि तेव्हा समजावायला कोणी सोबत नसतं. तसली दाट स्लाइड भिंतीवर लावून वर बोलायला गेलात, तर लोक वाचतात आणि तुम्हाला ऐकत नाहीत. अर्ध्या तासाच्या मीटिंगला मी सुचवेन तो मधला मार्ग असा: आदल्या दिवशी पीडीएफ पाठवा, आणि मीटिंगमध्ये त्यातल्या तीन-चार स्लाइड्सच उघडा.

दुसरी, निर्णय खरोखर कोणाचा? कागदावर एमडींचा असला तरी फायनान्सच्या साहेबांनी मान हलवल्याशिवाय बऱ्याच ठिकाणी काही हलत नाही. घरच्या मालकीच्या कंपनीत तर शेवटचा शब्द मीटिंगला न येणाऱ्या मोठ्या शेठजींचाही असू शकतो. तसं असेल तर तुमचं डेक एमडींना पटवण्यापुरतं असून चालणार नाही. एमडींना ते पुढे नेऊन दोन मिनिटांत सांगता आलं पाहिजे.

तिसरी, उत्तर किती कडू आहे? ‘उत्तर आधी’ हा नियम चांगला आहे, पण उत्तर खोलीतल्या एखाद्याच्या खात्यावर जाणार असेल तर पहिल्याच मिनिटाला तो हाताची घडी घालून बसतो. अशा वेळी उत्तराच्या आधी निकष ठेवावेत: ‘पर्याय आपण चार कसोट्यांवर तोलू: खर्च, ग्राहकाची उत्पादन लाइन बंद पडण्याचा धोका, लागणारा वेळ, अडकणारे पैसे.’ कसोट्या एकदा मान्य झाल्या की उत्तरावर भांडण कमी होतं. पण हा अपवाद समजा, नेहमीची पद्धत नव्हे.

आता कामाला लागू. लॅपटॉप बंद ठेवा आणि कागदावर एक वाक्य लिहा. मी तुमच्याच विषयावर उदाहरण घेतो. यातले आकडे मी मांडणी समजावी म्हणून धरलेत, तुमचे तुम्ही घाला.

‘चेन्नईच्या ग्राहकांसाठी तिथून जवळच्या ओरगडमला भाड्याचं गोदाम घ्यावं आणि चाकणहून आठवड्यातल्या ठरलेल्या तीन दिवशी भरलेल्याच गाड्या सोडाव्यात, यासाठी एकदाचे १५ लाख रुपये आणि दीड कोटींचा जादा साठा मंजूर करावा, वर्षाला निव्वळ ४५ लाख वाचतील.’

या वाक्यात कृती आहे, जागा आहे, मागणी आहे आणि फायदा आहे. ‘वाहतूक खर्चाच्या सुसूत्रीकरणाला वाव आहे’ या वाक्यात यातलं काहीच नाही, आणि शेवटच्या स्लाइडवर बहुधा असलंच वाक्य असतं. तुमच्या स्लाइड्स इंग्रजीत असल्या तरी हे वाक्य आधी मराठीत लिहा. ‘ऑप्टिमायझेशन’, ‘स्ट्रीमलाइन’, ‘लीव्हरेज’ यांच्या आड लपता येत नाही, पोकळ असेल ते लगेच पोकळ वाजतं.

‘निव्वळ’ या शब्दावर थोडं थांबू, कारण बरेचसे प्रस्ताव इथेच पडतात. अर्धवट गाड्या बंद झाल्या की भाड्यात ९० लाख वाचतील, असं समजू. तोच आकडा मोठ्या अक्षरात लिहायचा मोह होतो. पण गोदामाचं भाडं आणि हाताळणी वर्षाला ३० लाख. दीड कोटींचा माल तिकडे पडून राहणार, त्यावर १० टक्क्यांनी व्याज १५ लाख. उरले ४५. म्हणजे महिन्याला पावणेचार लाख, आणि १५ लाखांची एकदाची गुंतवणूक चार महिन्यांत सुटते. ९० म्हणालात आणि फायनान्सने खोलीत सगळ्यांसमोर व्याज वजा करून दाखवलं, तर तुमचे बाकीचे आकडेही संशयात येतात. ४५ म्हणालात आणि वजाबाकी स्वतःच दाखवलीत, तर तेच साहेब तुमच्या बाजूने बोलतात. आकडा निम्मा झाला तरी प्रस्ताव जास्त मजबूत होतो.

वाक्य झालं की त्याला आधार द्यायचा. मॅकिन्झी या कन्सल्टिंग कंपनीत १९६३ साली रुजू झालेल्या बार्बरा मिंटो यांनी याची जी रीत बसवली तिला पिरॅमिड म्हणतात: टोकावर उत्तर, त्याखाली तीन-चार कारणं, प्रत्येक कारणाखाली पुरावा. ऐकायला सोपं आहे. अडतं ते कारणांच्या वाटणीत. कारणं एकमेकांवर चढू नयेत आणि मिळून सगळं व्यापलं जावं, ही अट आहे.

तुमच्या पहिल्या डेकमध्ये खर्चवाढीची कारणं डिझेल, चेन्नईचा मार्ग, तातडीच्या गाड्या आणि महागडा ट्रान्सपोर्टर अशी दिली होती. चेन्नईला तातडीने गेलेली, महाग ट्रान्सपोर्टरची एकच गाडी यात तीनदा मोजली जाते. बेरीज केली तर वाढीपेक्षा कारणं जास्त भरतात, आणि हे कोणाच्या तरी लक्षात येतंच.

त्यापेक्षा खर्च ज्या गुणाकारातून बनतो तिथून वाटणी करा. भाड्याचा खर्च म्हणजे पाठवलेला माल, गुणिले टनामागे लागलेल्या फेऱ्या, गुणिले एका फेरीचा दर. चौथं काही उरत नाही. समजा खर्च ६.८ कोटींवरून ९.२ कोटींवर गेला, म्हणजे वाढ २.४ कोटींची. माल सुमारे १२ टक्के वाढला, त्याचे ०.८ कोटी. टनामागे फेऱ्या सुमारे १६ टक्के वाढल्या, त्याचे १.२ कोटी. दर साडेचार टक्के वाढले, त्याचे ०.४ कोटी. बेरीज बरोबर २.४. डिझेलची जागा या शेवटच्या ०.४ मध्ये आहे, आणि तेही पूर्ण डिझेलचे नाहीत. मागच्या मीटिंगची सगळी चर्चा सर्वांत लहान तुकड्यावर झाली, हे आता न बोलता दिसतं.

एक बारकावा आहे. गुणाकाराची अशी फोड करताना कोणता घटक आधी बदलला यावर प्रत्येकाच्या वाट्याचा आकडा थोडा हलतो. वर मी आधी माल, मग फेऱ्या, मग दर असा क्रम धरलाय. क्रम कुठलाही घ्या, पण स्लाइडच्या तळाला एका ओळीत लिहून ठेवा. कॉस्टिंगमधला कोणी स्वतः हिशेब करून वेगळा आकडा घेऊन आला, तर वाद दोन मिनिटांत मिटतो.

आता स्लाइड्सची शीर्षकं. फक्त शीर्षकं, एका कागदावर, एकाखाली एक. आकृत्या नंतर. तुमच्या विषयात ती अशी काहीशी होतील:

‘वर्षभरात वाहतूक खर्च ६.८ वरून ९.२ कोटींवर गेला. निम्मी वाढ गाड्या अर्धवट भरून गेल्यामुळे.’
‘अर्धवट गाड्यांपैकी बहुतेक चेन्नईच्या आहेत आणि ऐनवेळी निघालेल्या आहेत.’
‘ऐनवेळी गाडी काढावी लागते, कारण ग्राहकाचं शेड्यूल दोन दिवस आधी बदलतं आणि तिथे आपला साठा नाही.’
‘तीन पर्यायांपैकी ओरगडमचं गोदाम सर्वांत कमी खर्चात लाइन बंद पडण्याचा धोका टाळतं.’
‘सगळे खर्च वजा जाता वर्षाला ४५ लाख वाचतात; गुंतवणूक चार महिन्यांत सुटते.’
‘मुख्य धोका पडून राहणाऱ्या मालाचा आहे, म्हणून आधी एका ग्राहकापुरतं तीन महिने करून पाहू.’
‘आज हवंय: १५ लाख, साठ्याची मर्यादा, आणि सेल्सकडून एक जबाबदार माणूस.’

या सात, आणि सर्वांत पुढे या सगळ्याचा गोषवारा असलेली एक. आठ झाल्या. उरलेल्या चौतीस फेकू नका, त्या परिशिष्टात जातात.

हा कागद विषय माहीत नसलेल्या एखाद्या सहकाऱ्याच्या हातात द्या, एचआरमधल्या कोणाच्या दिला तरी चालेल. शीर्षकं सलग वाचून त्याला गोष्ट कळली पाहिजे. जिथे तो ‘हे कशावरून?’ म्हणेल तिथे एक स्लाइड कमी आहे. जिथे तो ‘हे तर मघाशी झालं’ म्हणेल तिथे एक जास्त आहे. ही चाचणी दहा मिनिटांची, पण आकृत्या बनवल्यावर ती केली तर काढून टाकायचं जिवावर येतं. म्हणून आधी करा.

शीर्षक म्हणजे पूर्ण वाक्य, दोन ओळींच्या आत, क्रियापद आणि शक्यतो एक आकडा. ‘वाहतूक खर्च विश्लेषण’ हे शीर्षक नव्हे, ते फाइलचं नाव झालं. त्याखाली कुठलीही आकृती खपते, म्हणून ते कोणालाच कशाला बांधत नाही. मात्र वाक्य लिहिलं की दुसरा धोका येतो: शीर्षक एक सांगतं आणि खालचा पुरावा वेगळंच.

याचं सर्वांत कटू उदाहरण कल्पना चावला ज्या यानात होत्या त्या कोलंबियाचं आहे. उड्डाणाच्या वेळी फोमचा तुकडा पंखावर आदळला होता. यान अवकाशात असताना अभियंत्यांनी त्यावर एक स्लाइड सादर केली. तिचं शीर्षक वाचून वाटत होतं की चाचण्यांचे निष्कर्ष सुरक्षिततेच्या बाजूला झुकलेले आहेत. अगदी तळाच्या, बारीक अक्षरातल्या ओळीत मात्र होतं की चाचणीतला तुकडा ३ घन इंचांचा होता आणि प्रत्यक्षातला अंदाजे १,९२० घन इंचांचा. म्हणजे या प्रसंगाला लागू होईल अशी चाचणी झालेलीच नव्हती. १ फेब्रुवारी २००३ रोजी परतताना यान तुटलं, आणि चौकशी मंडळाने त्याच वर्षीच्या अहवालात अशा स्लाइड्सवर निर्णय घेण्याच्या सवयीवर बोट ठेवलं. आपल्या स्लाइडवर कोणाचा जीव टांगलेला नसतो, पण चूक त्याच जातीची असते: जे सर्वांत महत्त्वाचं, ते चौथ्या पातळीच्या बुलेटमध्ये.

आता एकच स्लाइड जवळून पाहू, खर्चवाढीची. हिच्यासाठी योग्य आकृती धबधब्याची, म्हणजे वॉटरफॉल चार्ट. डावीकडे ६.८ चा उभा खांब, मग ०.८, १.२ आणि ०.४ चे अधांतरी तुकडे एकावर एक चढत, आणि उजवीकडे ९.२ चा खांब. मधले तुकडे शेवटचा खांब कसा भरून काढतात ते डोळ्याला दिसतं. पाय चार्टमध्ये हे दिसत नाही, कारण पाय एकाच क्षणाची वाटणी दाखवतो, बदल दाखवत नाही.

एक्सेल २०१६ पासून वॉटरफॉल तयार मिळतो. त्यात हमखास होणारी चूक अशी: शेवटचा ९.२ चा खांबही एक्सेल ‘वाढ’ म्हणूनच धरतं आणि आधीच्या ९.२ च्या डोक्यावर चढवतं. आकृती थेट १८.४ पर्यंत जाते. त्या एकाच खांबावर दोनदा, पण सावकाश, क्लिक करून तो वेगळा निवडा, मग राइट क्लिक करून ‘सेट अॅज टोटल’ करा. पहिल्या खांबालाही तेच करा, म्हणजे दोन्ही टोकांचा रंग एक होतो. एक्सेल जुनं असेल तर स्टॅक्ड कॉलम घेऊन खालचा भाग पारदर्शक करायचा, हा जुगाड आजही चालतो.

रंग एकच. १.२ चा तुकडा गडद, बाकी सगळे राखाडी. शीर्षक ज्या गोष्टीबद्दल बोलतं तिथेच डोळा गेला पाहिजे. आकडे खांबांवर लिहा आणि मग उभा अक्ष, आडव्या रेघा, लेजेंड पुसून टाका, कारण त्यांचं काम आकड्यांनी केलेलं असतं. अक्ष पुसला तरी तो शून्यापासूनच सुरू झालेला असू द्या. ६ पासून सुरू केलात तर १.२ चा तुकडा डोंगराएवढा दिसतो, आणि फायनान्सचा माणूस ते पहिल्या नजरेत पकडतो.

शीर्षकाखाली लहान अक्षरांत एकक: ‘कोटी रुपये, बाहेर जाणाऱ्या मालाचं भाडं, जीएसटी वगळून’. तळाला स्रोत: ‘एलआर रजिस्टर आणि ट्रान्सपोर्टरची बिलं, एप्रिल ते मार्च’ (एलआर म्हणजे माल गाडीत चढवल्यावर ट्रान्सपोर्टर देतो ती पावती). या दोन ओळी कंटाळवाण्या वाटतात, पण ‘यात परतीच्या रिकाम्या पेट्यांचं भाडं धरलंय का?’ असा प्रश्न यांच्यामुळेच उठत नाही. आणि लाख-कोटी एकदा ठरवले की तेच. एका स्लाइडवर १२० लाख आणि दुसऱ्यावर १.२ कोटी लिहिलं की लोक मनात रूपांतर करत बसतात. परदेशी भागीदार कंपनीचे लोक मीटिंगला असतील तर सुरुवातीपासून मिलियन.

रुंद पानाची स्लाइड १३.३३ बाय ७.५ इंचांची असते. पडद्यावर दाखवायची असेल तर मजकूर १८ पॉइंटच्या खाली आणू नका. वाचायला पाठवायची असेल तर १४ पर्यंत चालतं. शीर्षक २४. मजकूर मावत नाही म्हणून अक्षर लहान करावंसं वाटलं, तर बहुधा त्या स्लाइडवर दोन मुद्दे आहेत. आणि एकदा काळ्या-पांढऱ्या प्रिंटरवर छापून पाहा. बऱ्याच ऑफिसांत साहेब लोक छापील प्रतीवर पेनाने खुणा करतात, आणि तुमचा लाल नि हिरवा तिथे एकच राखाडी होतो.

पाठवण्याआधी आकड्यांचा मेळ घाला. सगळी पानं छापा, पेन घ्या, आणि एकापेक्षा जास्त ठिकाणी येणारा प्रत्येक आकडा गोल करून एकमेकांशी जुळवा. दुसऱ्या स्लाइडवर ९.२ आणि परिशिष्टात ९.१८ असेल तर गणित चुकलेलं नसतं, पण ‘नक्की किती?’ या प्रश्नात तुमची तीन मिनिटं जातात. पूर्णांकन केल्याने बेरीज ०.१ ने हुकत असेल तर तळाला तसं लिहा.

इथवर डेक झालं. पण ‘पटवण्याचं’ काम बरंचसं मीटिंगच्या बाहेर होतं, आणि या भागाबद्दल लोक फार कमी विचारतात.

कन्सल्टिंगमध्ये त्याला प्री-वायरिंग म्हणतात. आपल्याकडे साधा शब्द आहे: आधी कानावर घालणं. मीटिंगच्या तीन ते पाच दिवस आधी, प्रत्येकाला स्वतंत्र भेटून, पंधरा मिनिटं. पूर्ण डेक न्यायचं नाही. त्या माणसाला लागू होणारी एक किंवा दोन पानं न्यायची, तीही ‘कच्चं’ असं वर लिहून. पक्कं दिसणाऱ्या कागदावर लोक एक तर होकार देतात किंवा विरोध करतात. कच्च्यावर ते दुरुस्त्या सुचवतात, आणि दुरुस्ती सुचवलेला माणूस मीटिंगमध्ये सहसा विरोधात उभा राहत नाही.

तुमच्या बाबतीत पहिली भेट फायनान्सची: व्याजाचा दर १० टक्के धरलाय, तो बरोबर आहे का, एवढंच विचारा. त्यांनी ९.५ सांगितला तर तोच घ्या आणि स्लाइडवर ‘दर: फायनान्स विभाग’ लिहा. दुसरी सेल्सची. ही नाजूक आहे, कारण ‘शेड्यूल ऐनवेळी बदलतं’ या वाक्याचं बोट त्यांच्याकडे जातं. एखाद्या खात्यावर शेकणारा आकडा त्या खात्याच्या प्रमुखाने पहिल्यांदा एमडींसमोर पाहणं, यासारखी प्रस्ताव बुडवायची खात्रीची रीत नाही. त्यांच्याशी बोलताना कदाचित असंही कळेल की बदल सेल्स करत नाही, ग्राहकाच्या पोर्टलवरूनच येतात. मग तुमच्या तिसऱ्या शीर्षकातला शब्द बदलतो. तिसरी भेट प्लांट हेडची, कारण ठरलेल्या तीन दिवशी माल तयार ठेवायची जबाबदारी त्यांच्यावर येणार आहे. एमडींना आधी भेटायचं की नाही हे तुमच्याकडच्या रीतीवर आहे. काहींना आधी कळलेलं आवडतं, काहींना ते दडपण वाटतं. तुमच्या वरिष्ठांना विचारा, आणि त्यांना ओलांडून तर मुळीच जाऊ नका.

प्रत्यक्ष मीटिंग. अर्धा तास मिळालाय म्हणजे बोलायला दहा-बारा मिनिटं धरा. पाच मिनिटं लोक येण्यात आणि केबल लावण्यात जातात, बाकीची चर्चेला हवीत. एमडी मध्येच फोन घेऊन बाहेर जाऊ शकतात, म्हणून पहिल्या स्लाइडवरच सगळं सांगून झालेलं असावं. पहिली दीड मिनिटं पाठ असू द्या. पाठ एवढ्याचसाठी, की आवाज सगळ्यात जास्त तेव्हाच कापतो.

साधारण असं: ‘साहेब, वाहतूक खर्च वर्षात २.४ कोटींनी वाढला. त्यातले निम्मे अर्धवट गाड्या गेल्यामुळे आहेत, आणि त्या गाड्या बहुतेक चेन्नईच्या. तिथे गोदाम घेतलं तर सगळं वजा जाता वर्षाला ४५ लाख वाचतात. आज मला १५ लाखांची आणि साठ्याच्या मर्यादेची मंजुरी हवीय. आधी हिशेब दाखवू की धोके?’ शेवटचा प्रश्न मुद्दाम आहे. त्यांना जिथे शंका आहे तिथून सुरुवात होते आणि सात स्लाइड्स ओळीने ओलांडत जायची गरज उरत नाही.

स्लाइड्स इंग्रजीत आणि बोलणं मराठी-हिंदीत, हे आपल्याकडे सर्रास चालतं आणि चालू द्यावं. फक्त स्लाइडवरची वाक्यं मोठ्याने वाचू नका. आकृती उघडली की आधी ती काय दाखवते ते सांगा (‘डावीकडे गेल्या वर्षीचा खर्च, उजवीकडे यंदाचा, मधे वाढ कुठून आली’), मग कुठे पाहायचं ते, आणि मग त्याचा अर्थ. पहिली पायरी गाळली की लोक आकृती समजून घेण्यात गुंततात आणि तुमचा निष्कर्ष हवेत जातो.

कोणी मध्येच प्रश्न विचारला तर ‘ते पुढे येणार आहे’ म्हणू नका. एका वाक्यात उत्तर द्या, मग हवं तर ती स्लाइड उघडा. स्लाइड शो चालू असताना स्लाइडचा क्रमांक टाइप करून एंटर दाबलं की थेट तिथे जाता येतं, म्हणून परिशिष्टाच्या क्रमांकांची चिठ्ठी हाताशी ठेवा. चर्चा रंगली आणि पडद्यावरचं चित्र आड येत असेल तर ‘बी’चं बटण दाबा, पडदा काळा होतो, पुन्हा दाबलं की परत येतो.

डिझेल पुन्हा निघणारच. तेव्हा वाद घालू नका. ‘दरवाढीचे एकूण ४० लाख आहेत, त्यात डिझेल आलं, ते आपल्या हातात नाही. गाड्यांचे १ कोटी २० लाख आपल्या हातात आहेत,’ एवढं सांगून गप्प बसा. शांतता सहन होत नाही म्हणून बहुतेक जण पुढे बोलत राहतात आणि मिळालेलं गमावतात.

उत्तर माहीत नसलेला प्रश्न आला तर अंदाजाने आकडा फेकू नका. ‘हे तपासलेलं नाही, गुरुवारी दुपारपर्यंत मेल करतो,’ असं दिवस आणि वेळ धरून सांगा. ‘बघून सांगतो’ हे आपल्या ऑफिसांत ‘विसरा’चं दुसरं नाव आहे.

उरलेल्या दहा दिवसांची वाटणी मी अशी करेन. पहिला दिवस ते एक वाक्य आणि शीर्षकांचा कागद, लॅपटॉपशिवाय. दुसरा आणि तिसरा दिवस आकड्यांची नवी फोड, कारण जुन्या वाटणीतून ती आपोआप निघणार नाही, एलआर रजिस्टरमधून फेऱ्या मोजाव्या लागतील. चौथ्या दिवशी आठ स्लाइड्सचा कच्चा खर्डा. पाचव्या ते सातव्या दिवशी भेटी. आठवा दिवस दुरुस्त्या आणि आकड्यांचा मेळ. नववा दिवस सकाळी दोनदा मोठ्याने तालीम, घड्याळ लावून, आणि संध्याकाळी पीडीएफ रवाना. दहाव्या दिवशी वीस मिनिटं आधी जाऊन केबल आणि पडदा तपासा, आणि पहिल्या स्लाइडच्या पाच छापील प्रती सोबत ठेवा. प्रोजेक्टर चालला नाही तर त्या एका कागदावर मीटिंग होते.

त्याच संध्याकाळी चार ओळींचा मेल जाऊ द्या: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत, काय अनिर्णित राहिलं. ‘तत्त्वतः मान्य’ एवढंच मिळालं असेल तर मेलमध्ये पहिल्या खर्चाची तारीख घाला आणि ‘यात काही बदल हवा असल्यास उद्या संध्याकाळपर्यंत कळवावं’ अशी ओळ जोडा. उत्तर आलं नाही तर तिसऱ्या दिवशी गोदामवाल्यांकडून कोटेशन मागवायला लागा.